महारेराची एजंट परीक्षा कोणी दिली आहे का? अभ्यास कसा करायचा?

अनघा_डोंबिवली
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी ६ वर्षं एका बिल्डरच्या साइट ऑफिसात फ्रंट डेस्कला होते, आलेल्या माणसाला पाणी द्यायचं, ब्रोशर द्यायचं, सॅम्पल फ्लॅट दाखवायचा, लॉकडाउनमध्ये ते सुटलं ते सुटलंच. आता मुलगी बारावीला गेलीय आणि दीर म्हणतात वहिनी तुम्हाला लोकांशी बोलता येतं, आपण दोघं मिळून एजन्सी काढू. पण आता नुसतं कार्ड छापून चालत नाही म्हणे, आधी २० तासांचं ट्रेनिंग, मग परीक्षा, मग ते सक्षमता प्रमाणपत्र, मग कुठे महारेराकडे, म्हणजे राज्यातल्या बिल्डर-एजंटांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे, नोंदणी. ट्रेनिंगचे पैसे भरलेत, शनिवारपासून सुरू. शेवटची परीक्षा मी १९९९ साली दिलीय, बीकॉमची, तीही सेकंड क्लास.

प्रश्न असे की मराठीतून द्यावी का इंग्रजीतून? नुसत्या ट्रेनिंगच्या नोट्स पुरतात का रेरा, म्हणजे ज्यावरून हे सगळं आलंय तो घरबांधणी प्रकल्पांचा कायदा पण वाचायला लागतो? आणि रोज किती वेळ द्यावा? नणंदबाई म्हणतात त्यात काय अभ्यास करायचाय, सगळेच पास होतात. ते ऐकून तर जास्तच भीती वाटायला लागलीय, कारण सगळे पास होतात त्यात आपण नापास झालो तर तोंड कुठे लपवायचं.

चावडीवरचा
नणंदबाईंचं अगदीच चूक नाही. २० मे २०२३ ला पहिली परीक्षा झाली होती त्यात ९६ टक्के लोक पास झाले होते, पेपरात आलं होतं. उरलेल्या ४ टक्क्यांत येऊ नका म्हणजे झालं :)

पिंपरीकर_बापू
त्या उरलेल्यांची जी जमात आहे ना चावडी, त्यातलाच मी. पहिल्या नाही, नंतरच्या एका खेपेला, पण नापास झालो हे खरं. आणि २२ वर्षं या धंद्यात आहे. हसून घ्या आधी, मग सांगतो.

अनघाताई, तुम्हाला वाटतंय तुम्ही नवीन म्हणून तुम्हाला जड जाईल. उलटं आहे. जड आमच्यासारख्यांना जातं. मी अभ्यासच केला नव्हता, म्हटलं मला काय शिकवणार हे, निम्म्या पिंपरी-चिंचवडला घरं मी दाखवलीत. ट्रेनिंगला मागच्या बाकावर बसून पार्ट्यांचे फोन घेत होतो. पेपर समोर आला, प्रश्न वाचला की पटकन उत्तर यायचं, दाबलं की पुढे, अर्ध्या वेळात पेपर संपवून चहाला बाहेर. निकाल आला आणि बायकोला सांगायचं कसं हा प्रश्न पडला.

मग बसलो शांतपणे, आठवेल तेवढे प्रश्न वहीत लिहिले आणि कायदा समोर घेतला. एक साधारण असा होता की ॲग्रीमेंट रजिस्टर करायच्या आधी बिल्डर गिऱ्हाइकाकडून जास्तीत जास्त किती घेऊ शकतो. मी डोळे झाकून २० टक्के. कारण आमच्या भागात चाललेलंच तसं, ७२ लाखाचा फ्लॅट असला तर १४-१५ लाख भरा मग ॲग्रीमेंटची तारीख घेऊ. कायदा म्हणतो १० टक्के, कलम १३. म्हणजे ७ लाख २० हजार, त्यापुढे एक रुपया जास्त घ्यायचा तर आधी करार नोंदवा.

दुसरा कार्पेटचा, म्हणजे फ्लॅटचं आतलं क्षेत्र कायद्याने किती धरायचं त्याचा. एका फ्लॅटची आतली वापरायची जागा ५६० चौरस फूट, आतल्या पार्टिशनच्या भिंती २५, बाहेरच्या भिंती ४०, डक्ट ८, बाल्कनी ४५, तर कार्पेट किती. आकडे मी मनाने टाकलेत, पद्धत तीच. मी आयुष्यभर बाल्कनी धरूनच बोलत आलोय, गिऱ्हाईकही तसंच विचारतं, तर मी केले ६३०. बरोबर उत्तर ५८५. आतली जागा अधिक आतल्या भिंती, संपलं. बाहेरची भिंत नाही, डक्ट नाही, बाल्कनी नाही.

तर सांगायचा मुद्दा हा की पेपरात बाजारात काय चालतं ते विचारत नाहीत हो, कायद्यात काय लिहिलंय ते विचारतात, आणि आमच्या हाताला बाजाराची सवय. दुसऱ्या वेळेला मी प्रत्येक प्रश्नाला मनात म्हणायचो, बापू, हे तू सांगतोयस का कायदा सांगतोय? निघालो आरामात. तुम्ही साइट ऑफिसला ६ वर्षं होतात म्हणजे थोडी सवय तुमच्याही हाताला असणार, ती आधी धुऊन टाका.

नीरजा_ठाणे
बापू, हसून हसून पुरेवाट. पण मानलं तुम्हाला, एवढं उघड कोणी लिहीत नाही. माझ्या ट्रेनिंगला पण मागच्या बाकावर असेच दोन बापू होते.

अनघा, मी मागच्या वर्षी दिली, मराठीतून. एक गोष्ट आधीच सांगते नाहीतर मला झालं तसं होईल. आपण बोलताना ओसी, सीसी, कार्पेट, कन्व्हेअन्स असंच बोलतो ना, मराठी पेपरात ते भोगवटा प्रमाणपत्र (इमारतीत राहायला जायची परवानगी), बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, चटई क्षेत्र, अभिहस्तांतरण असं समोर येतं. बिल्डरला प्रवर्तक. मी भोगवटा वाचून दोन मिनिटं कुळकायद्यात गेले होते. आणि चटई क्षेत्र वेगळं, चटई क्षेत्र निर्देशांक वेगळा, तो एफएसआय, प्लॉटवर किती बांधता येतं त्याचं प्रमाण. घाईत एकाच्या जागी दुसरं वाचलं की गेला प्रश्न. वहीत एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला तोच इंग्रजी, असं पहिल्या दिवसापासून कर.

अनघा_डोंबिवली
बापूकाका, नीरजा, धन्स! बापूकाका तुमचं वाचून लक्षात आलं, मी सॅम्पल फ्लॅट दाखवताना काय काय बोललेय ते. "कार्पेट ७०० आहे मॅडम", त्यात बाल्कनी, बाहेरची भिंत, कधी कधी लिफ्टसमोरची लॉबीसुद्धा असेल, मला कोणी सांगितलंच नव्हतं, कागदावर छापलेलं वाचून दाखवायचे.

वकील_मुळाकाठचा
बापूंच्या २० टक्क्यांना इतिहास आहे, ते अगदी हवेतून आलेले नाहीत. १९६३ चा आपला मोफा, म्हणजे महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्सचा कायदा, त्यात करार करण्याआधी २० टक्क्यांपर्यंत घ्यायला मुभा होती. रेरा २०१६ चा, त्यातली मुख्य कलमं लागू झाली १ मे २०१७ पासून, त्यात ते १० वर आलं. जुन्या माणसाच्या डोक्यात जुना कायदा बसलेला असतो, एवढंच.

अनघाताई, कायदा वाचाच. घाबरू नका, अख्खा कायदा ९२ कलमांचा आहे, त्यातली प्राधिकरणाचं बजेट, हिशेब, केंद्र सरकारचे अधिकार वगैरे एकदा नजरेखालून घातली तरी चालतील. पण २, ३, ४, ९, १०, ११, १२, १३, १४, १८, १९ आणि दंडाची ५९ पासून पुढची, ही तोंडपाठ नाही तरी हाताखाली हवीत. कलम २ च्या व्याख्या लोक सोडून देतात आणि पेपर तिथेच फिरतो. ९ आणि १० तर तुमचीच, एजंटची. नोंदणी न झालेल्या प्रकल्पातलं घर विकायला मदत करायची नाही, हिशेबाची पुस्तकं ठेवायची, खोटी माहिती द्यायची नाही, आणि गिऱ्हाइकाला ज्या कागदांचा हक्क आहे ते त्याला मिळवून द्यायचे. हे मोडलं तर कलम ६२, दिवसाला १०,००० रुपये, वाढत वाढत त्या घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. बिल्डरने प्रकल्प न नोंदवता विकला तर कलम ५९, प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत. या दोन्हींत गोंधळ होतो. आमच्याकडे एक ज्युनियर होता तो म्हणायचा, बिल्डर दहा, एजंट पाच, आणि खर्च कोणाचा ते नीट वाच.

७० टक्क्यांचं कलमही नीट समजून घ्या, घोकू नका. गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के बिल्डरने वेगळ्या बँक खात्यात ठेवायचे, ते फक्त त्याच प्रकल्पाच्या जमिनीसाठी आणि बांधकामासाठी. काढायचे तर काम जेवढं झालंय त्या प्रमाणात, आणि त्यासाठी इंजिनियर, आर्किटेक्ट आणि सीए अशा तिघांचा दाखला लागतो. हे का केलं तर एका साइटचे पैसे उचलून दुसरीकडे जमीन घ्यायची पद्धत होती, पहिली साइट वर्षानुवर्षं सांगाड्यावर. हे कारण डोक्यात राहिलं की आकडा विसरत नाही.

शंकासुर_७१२
वकीलसाहेब दोन शंका. १) प्रकल्पाची नोंदणी कधी लागते, ५०० चौरस मीटर आणि ८ फ्लॅट दोन्ही पाहिजेत का एक पुरे? आमच्या ट्रेनिंगच्या सरांनी एकदा हे सांगितलं एकदा ते, शेवटी म्हणाले जे लिहिलंय ते वाचा. २) मी फक्त भाड्याचं आणि जुन्या सोसायट्यांतल्या रिसेलचं काम करतो, नवीन प्रोजेक्टला हात लावत नाही, मला ही परीक्षा कशाला?

वकील_मुळाकाठचा
१) शब्द "किंवा" आहे. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका ८ पेक्षा जास्त नसतील तर नोंदणीतून सूट. म्हणजे ४५० मीटरच्या प्लॉटवर १२ फ्लॅट असले तरी सूट, आणि मोठ्या प्लॉटवर ६ च असले तरी सूट. पण ८ मोजताना सगळे टप्पे मिळून मोजायचे, आज ६ आणि पुढच्या वर्षी शेजारी ६ असा खेळ चालत नाही.
२) कलम ९ नोंदणी झालेल्या प्रकल्पातल्या विक्रीबद्दल बोलतं. तुम्ही खरंच फक्त भाडं आणि जुनी बिल्डिंग एवढंच करत असाल तर ते तुम्हाला लागत नाही. पण मला असा एजंट दाखवा ज्याच्याकडे रिसेलसाठी आलेल्या गिऱ्हाइकाने "शेजारची नवीन साइट पण दाखवा" म्हटलं आणि तो नाही म्हणाला.

शंकासुर_७१२
नाही म्हणणार नाही हो, खोटं कशाला बोलू. देतो परीक्षा.

कावलेला_गिऱ्हाईक
तुमचा उत्साह चालू द्या, पण मी एक फ्लॅट घेताना पोळलेला माणूस आहे. एजंटने सांगितलं डिसेंबरला ताबा, त्या डिसेंबरनंतर तीन डिसेंबर गेले. ईएमआय आणि भाडं दोन्ही भरत होतो. नंतर फोन केला तर म्हणाला मी तर मधला माणूस, मला काय विचारता. पर्यायी प्रश्नांवर टिकमार्क करून माणूस प्रामाणिक होतो का? ड्रायव्हिंगची पण परीक्षा असते, रस्त्यावर बघा.

पिंपरीकर_बापू
नाही होत. शंभर टक्के खरं. पण एक सांगतो, आधी आमच्या धंद्यात कोण यायचं? ज्याला दुसरं काही जमलं नाही तो. सकाळी पानटपरी, दुपारी फ्लॅट दाखवायचा, रात्री एलआयसी. त्याला ओसी म्हणजे काय माहीत नसायचं, तो तुमच्याशी खोटं बोलायचा असं नाही, त्याला खरं माहीतच नसायचं. २०२४ मध्ये महारेराने सुमारे २०,००० एजंटांची नोंदणी वर्षभरासाठी स्थगित केली, प्रमाणपत्र घेतलं नाही म्हणून. त्यातले माझ्या ओळखीचे चार. दोघं आता इस्टेट सोडून रसवंती आणि टुरिस्ट गाडी चालवतात, दोघं अभ्यासाला बसले. ते जे दोघं बसले त्यांच्याकडून मी घर घेईन.

आणि तुमच्या केसमध्ये तो मधला माणूस म्हणून सुटला असेल पण बिल्डर सुटत नाही, कलम १८ बघा, ताबा उशिरा तर तेवढ्या महिन्यांचं व्याज. महारेराकडे तक्रार केली होती का?

कावलेला_गिऱ्हाईक
केली. ५,००० फी भरून ऑनलाइन. सलोखा मंचात मिटलं शेवटी, व्याज पूर्ण नाही मिळालं पण ताबा मिळाला. हे कलम १८ मला त्या एजंटने सांगायला हवं होतं, मी शेजाऱ्याकडून शिकलो. असो, अनघाताई तुम्ही सांगत जा गिऱ्हाइकाला, तेवढं केलंत तरी पुरे.

जर्सीची_मंजू
इथे एडिसनला मी ५ वर्षांपूर्वी सेल्सपर्सनचं लायसन्स काढलं, म्हणून तुलना करावीशी वाटली. न्यू जर्सीत ७५ तासांचा क्लास करावा लागतो, मग ११० प्रश्नांचा पेपर, ८० देशपातळीचे कायदे आणि व्यवहार, ३० आपल्या राज्याचे, ७० टक्क्यांना पास. शिवाय बोटांचे ठसे. आणि पास झालं तरी स्वतःचं दुकान टाकता येत नाही, कुठल्यातरी ब्रोकरच्या हाताखालीच काम करावं लागतं.

मला बापूंसारखंच झालं होतं, सवयीने मारलं. इथे फेअर हाउसिंग म्हणून कायदा आहे १९६८ चा, वंश, धर्म, मूळ देश, लहान मुलं असलेलं कुटुंब अशा कशावरून गिऱ्हाइकाला अमुक वस्तीकडे वळवायचं नाही. आता आपली मंडळी फोन करून पहिला प्रश्न काय विचारतात? "मंजू, तिथे आपली माणसं आहेत का गं?" आणि मी प्रेमाने सांगायला जाणार, हो हो, मागच्या गल्लीत तीन मराठी कुटुंबं, गणपतीला सगळे एकत्र जमतो. प्रॅक्टिस पेपरला हाच प्रश्न वेगळ्या कपड्यात आला आणि मी चक्क "ग्राहकाला आपुलकीने माहिती द्यावी" असा पर्याय निवडला. लाल फुली! आता मी सांगते, मावशी, घर मी दाखवते, शनिवारी तुम्हीच गल्लीत एक चक्कर मारा आणि दारांवरची तोरणं मोजा.

नीरजा_ठाणे
तोरणं मोजा :) इथे तर पार्टी स्वतःच "फक्त व्हेज फॅमिली" लिहून पाठवते आणि आपण तसंच पुढे पाठवतो. या विषयावर वेगळा धागा काढायला हवा.

बार्शीचा_बंडू
मी बाबांसाठी विचारतोय. वय ५८, तालुक्याला प्लॉटिंगची कामं करतात, कायदा त्यांना तोंडपाठ आहे, सातबारा, फेरफार, एनए काय विचाराल ते. पण कॉम्प्युटरला आयुष्यात हात लावलेला नाही. मोबाइलवर बोटाने करतात सगळं, माउस दिला की बाण स्क्रीनच्या बाहेर जातो म्हणतात. परीक्षा कॉम्प्युटरवर असते ना? कागदावर द्यायची सोय नाही का?

वकील_मुळाकाठचा
कॉम्प्युटरवरच असते, आयबीपीएस घेते, बँकेच्या परीक्षा घेणारी तीच संस्था. तंत्र सोपं आहे, पर्यायावर क्लिक करायचं आणि पुढे जायचं.

पिंपरीकर_बापू
बंडू, बाबांना सायबर कॅफेत नेऊन आठ दिवस रोज अर्धा तास पत्त्यांचा सॉलिटेअर खेळायला बसव. चेष्टा नाही. पान उचलायचं, नेऊन ठेवायचं, सोडायचं, हात बसतो. माझ्या ट्रेनिंगला ६० च्या पुढचे एक काका होते, त्यांच्या नातवाने हेच केलं. ते पास, मी नापास.

अनघा_डोंबिवली
अपडेट देते. ट्रेनिंग संपलं. पहिले दोन दिवस छान, नंतरच्या सरांनी स्लाइड जशीच्या तशी वाचली, मी कॅमेरा बंद करून पोळ्या केल्या, कबूल. पण बापूकाकांमुळे कायदा छापून आणला आणि रोज पहाटे ५ ते ६ बसतेय, मुलीबरोबर. ती ऑरगॅनिक केमिस्ट्री, मी कलम १४. तिला मजा वाटते.

आमच्याकडे जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता, चांगला जाड कागद, टाकवत नाही. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी प्रश्न-उत्तरं लिहिलीत, एका पत्रिकेवर एक. साधारण १४० झाल्या. संध्याकाळी सासूबाई भाजी निवडत बसतात तेव्हा त्यांच्याकडे देते, त्या विचारतात, मी कणीक मळता मळता उत्तर देते. पुढे "चि. सौ. कां." आणि मागे "बांधकामातला दोष ताब्यापासून किती वर्षांत सांगितला तर बिल्डरने फुकट दुरुस्त करायचा?" पाच वर्षं, आणि दुरुस्ती तीस दिवसांत. आता सासूबाईंनाच माझ्यापेक्षा जास्त येतंय. काल मेथी निवडता निवडता मला म्हणाल्या, "कार्पेट लक्षात ठेवायला काय अवघड आहे गं, घराच्या आतली भिंत आपली, बाहेरची शेजाऱ्याशी वाटून घ्यायची, ती कशी धरशील?" आणि मग थांबून, "म्हणजे आपल्या बिल्डरने आपल्याला २००६ साली ५२५ सांगितलं ते काय होतं?" आणि मेथी बाजूला ठेवून त्यांनी खरंच टेप काढायला लावली. ह्यांना कामावरून आल्या आल्या टेपचं दुसरं टोक धरायला लागलं. बेडरूम, हॉल, किचन, न्हाणी, पॅसेज, सगळं मोजून ३६८ आलं. सुपर बिल्टअप, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून सांगितलं होतं, तेव्हा सगळेच सांगायचे, पण सासूबाई रात्रभर गप्प होत्या. सकाळी म्हणाल्या, "तू मात्र लोकांना आतलं मोजून सांग."

एक शंका, टेरेसचं काय? फ्लॅटला जोडलेली उघडी टेरेस कार्पेटमध्ये नाही ना?

वकील_मुळाकाठचा
नाही. त्या घरापुरतीच असलेली बाल्कनी, व्हरांडा आणि उघडी टेरेस, तिन्ही बाहेर. बिल्डरने त्यांचं क्षेत्र करारात वेगळं दाखवायचं. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, आणि शेजाऱ्याची भिंत हे कारण कायद्यात नाही पण उत्तर बरोबर येतंय तर राहू द्या. पार्किंगची एक पत्रिका करा, मोकळं पार्किंग विकता येत नाही. गॅरेजच्या व्याख्येत छत आणि तीन बाजूंनी भिंती पाहिजेत, उघड्यावर आखलेली चौकट ही सामायिक जागा. हा मुद्दा सुप्रीम कोर्टात २०१० लाच येऊन गेलाय, मोफाच्या काळात, मुंबईच्याच एका सोसायटीचा.

आणि जाहिरातीवर क्यूआर कोड १ ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचा झालाय तेही लक्षात असू द्या, हे मूळ कायद्यात सापडणार नाही, महारेराच्या आदेशांत आहे. ट्रेनिंगच्या नोट्स अशा गोष्टींसाठी जपून ठेवा.

शंकासुर_७१२
अनघाताई, १४० पत्रिकांचे फोटो टाका ना प्लीज.

अनघा_डोंबिवली
पुढच्या बाजूला लोकांची नावं आहेत, मागची बाजूच टाकते, उद्या. अक्षर चालवून घ्या.

अनघा_डोंबिवली
काल देऊन आले. सेंटर नवी मुंबईला होतं, दीर बाइकवर सोडायला आले, ८ वाजताच गेटवर. मला वाटलं होतं सगळी पंचविशीतली पोरं असतील, तर कसलं काय, माझ्या पुढे रांगेत एक धोतर टोपीवाले आजोबा, मागे दोन कॉलेजच्या मुली, एक बाई बाळाला आईकडे देऊन आत आली. हॉल तिकीट आणि मूळ आधार कार्ड घेऊन जा, एकाकडे झेरॉक्सच होती, त्याची केविलवाणी पळापळ चालली होती.

पेपर मराठी निवडला. पहिले पाच-सहा प्रश्न वाचून हात थंड पडला होता, शब्द डोळ्यासमोरून नुसते जात होते. मग एक आला, नोंदणी नसलेल्या प्रकल्पात बुकिंग करून देणाऱ्या एजंटला काय शिक्षा, आणि मला सरळ दिसली ती पत्रिका, पुढून बदलापूरच्या मामेसासऱ्यांच्या मुलाचं लग्न, मागून कलम ६२. तिथून गाडी सुटली. एकदोन ठिकाणी बाजाराचं उत्तर आधी सुचलं आणि मी मोठ्याने "बापू" म्हटलं बहुतेक, कारण शेजारच्या मुलीने वळून बघितलं.

अपिलाचे दिवस चुकले मात्र. अपीलीय न्यायाधिकरणाकडे ६० दिवस, मी ३० केलं, बाहेर येऊन लगेच आठवलं, तेव्हा काय उपयोग.

पिंपरीकर_बापू
हाहा! ६० चुकलं तर चुकू द्या, एकाने काय होतंय. निकालाचा फोन मला आधी करा, नणंदबाईंना नंतर.

अनघा_डोंबिवली
पास!!! चांगल्या मार्कांनी पास. सासूबाईंनी शेजाऱ्यांना पेढे "आम्ही पास झालो" असं सांगून वाटले. सर्टिफिकेट आलं की नोंदणीचा अर्ज, व्यक्तीला १०,००० रुपये फी, पाच वर्षांसाठी. दिरांनी पाटीचं डिझाइन पण करून आणलंय, नंबरची जागा रिकामी ठेवून.

कावलेला_गिऱ्हाईक
अभिनंदन ताई. मेहुणा कल्याणला टू बीएचके शोधतोय, नंबर आला की कळवा. टेप घेऊन या.

बार्शीचा_बंडू
अनघाताई अभिनंदन! बाबांची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. सॉलिटेअरची इतकी सवय लागलीय की कॅफेवाला आता तासाचे पैसे घेत नाही, बाबा जिंकले की पोरं टाळ्या वाजवतात. तुम्ही टाकलेले फोटो त्यांना मोबाइलवर बारीक दिसतात. त्या पत्रिका आता तुम्हाला लागणार नसतील तर कुरियरने पाठवाल का? खर्च मी देतो.

अनघा_डोंबिवली
अरे खर्च कसला, उद्याच पाठवते, पत्ता खासगी निरोपात पाठव. फक्त एक पत्रिका काढून ठेवतेय, कार्पेटची. ती सासूबाईंनी देवघराच्या कपाटाला आतून चिकटवलीय, ती निघत नाही. तुझ्या बाबांना सांग, ५६० अधिक २५.